न विकलेला मायक्रोफोन

अमेरिकेतल्या सामुदायिक रेडिओवर एक मेळ वर्षानुवर्षं ऐकू येतो. 1927-28 सालची बॅन्जोची खरखरती तबकडी वाजते. ती संपली की निवेदक गायकाचं नाव, गाव, कंपनीचं लेबल सांगतो. मग त्याच ओघात तो शहरातल्या घरभाड्याविषयी, एखाद्या संपाविषयी किंवा दूरच्या युद्धाविषयी असं काही बोलतो, जे त्या दिवशी मोठ्या वाहिन्यांवर कुणी बोललेलं नसतं. त्यानंतर पुन्हा तबकडी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. आपल्याकडेही जुन्या गाण्यांचा शौकीन म्हणजे राजकारणापासून चार हात लांब राहणारा माणूस, असाच समज आहे. तरीही बर्कली, न्यू यॉर्क, ह्यूस्टन, सिअ‍ॅटल, पोर्टलंड अशी जिथे जिथे श्रोत्यांच्या पैशावर चालणारी स्टेशनं उभी राहिली, तिथे ही जोडी येऊन बसली. ती कुणाच्या लहरीने जमलेली नाही. तिच्यामागे मंदी आहे, महायुद्ध आहे, कोर्टाचा एक निकाल आहे आणि दहा डॉलरची वर्गणी आहे.

या वंशावळीत पहिलं नाव घ्यायचं ते वुडी गथ्रीचं. 1937च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या छोट्या स्टेशनवर तो गाऊ लागला. आधी चुलतभावाबरोबर, आणि थोड्याच दिवसांत मॅक्सीन क्रिसमन या मुलीबरोबर, जिला त्याने ‘लेफ्टी लू’ हे नाव दिलं. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सामधली शेती धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने बुडाली होती आणि माणसं मोटारींवर संसार लादून कॅलिफोर्नियात येत होती. आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी या लोकांना राज्याच्या हद्दीवरूनच परत पाठवण्यासाठी शिपाई नेमले होते. अशा माणसांना रेडिओवर आपल्या आईची, आजीची गाणी ऐकू आली. वुडी आणि लेफ्टी लू यांना पत्रांचा ढीग येऊ लागला. त्या काळीही ही गाणी जुनीच होती. शहरी बॅण्डच्या जमान्यात डोंगराळ भागातली बॅलड लावणं म्हणजे मागासलेपणा समजला जाई. आणि दोन गाण्यांच्या मध्ये वुडी बोलायचा. बँका, जमीनदार, पोलीस, मजुरी, जे काही त्या आठवड्यात समोर आलं असेल त्यावर.

स्टेशनचे मालक जे. फ्रँक बर्क सुधारणावादी होते, म्हणून हे चाललं. त्याच स्टेशनवर एड रॉबिन नावाचे डाव्या वृत्तपत्राचे पत्रकार राजकीय भाष्य करत. टॉम मूनी या कामगार नेत्याला 1916च्या सॅन फ्रान्सिस्को बॉम्बस्फोटात गोवून बावीस वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. 7 जानेवारी 1939 रोजी नवे गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी त्याला माफी दिली. वुडीने त्यावर केलेलं गाणं रॉबिन यांनी रेडिओवर ऐकलं आणि ते त्याला मूनीच्या स्वागतसभेला घेऊन गेले. गायक आणि भाष्यकार एकाच स्टेशनवरून बोलत होते, पण एकमेकांना खरे सापडले ते या गाण्यामुळे. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिन यांचा करार झाला. त्यावरून बर्क आणि वुडी यांचं बिनसलं आणि कार्यक्रम संपला. मालक कितीही सज्जन असला तरी मायक्रोफोन त्याचाच होता, हे या शेवटातून कळतं. नंतरच्या माणसांनी जे काही उभं केलं ते या एका अडचणीवरचं उत्तर होतं, असं मी मानतो.

याआधी राजकीय रेडिओ नव्हता असं नाही. शिकागोच्या कामगार महासंघाने 1926 मध्ये डब्ल्यूसीएफएल सुरू केलं होतं, आणि न्यू यॉर्कच्या समाजवाद्यांनी 1927 मध्ये यूजीन व्ही. डेब्स यांच्या आद्याक्षरांवरून डब्ल्यूईव्हीडी. पण ही स्टेशनं संघटनेची किंवा पक्षाची होती. एकटा माणूस आपल्या आवडीच्या तबकड्या आणि आपलं मत घेऊन बसतो, हा प्रकार तिथून निघालेला नाही.

तबकडी रेडिओवर वाजवणं हीसुद्धा तेव्हा साधी गोष्ट नव्हती. 1930च्या दशकात अनेक लेबलांवर रेडिओवर वाजवण्यास मनाई छापलेली असे. मोठ्या वाहिन्यांना आपल्या जिवंत वाद्यवृंदाचा अभिमान होता आणि तबकडी लावणं त्यांना हलकं वाटे. बॅण्डप्रमुख पॉल व्हाइटमन आणि आरसीए कंपनी यांच्यातला वाद न्यू यॉर्कमधल्या केंद्रीय अपील कोर्टात गेला तेव्हा 1940 मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निकाल दिला, की स्टेशनने पैसे देऊन विकत घेतलेली तबकडी वाजवायला त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. अमेरिकेत आजही साध्या रेडिओ स्टेशनला गीतकार-संगीतकारांचं मानधन द्यावं लागतं, पण ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काही द्यावं लागत नाही. हा निकाल या सगळ्या मागोव्यातला सर्वांत कोरडा भाग आहे, पण गरीब स्टेशनचा तो खरा पाया. ज्याच्याकडे तबकड्यांचं कपाट आहे तो माणूस स्वतःच एक स्टेशन भरून काढू शकतो, ही शक्यता त्या दिवशी कायद्याने मान्य झाली.

आणि कपाटं भरत होती. 1927 मध्ये अमेरिकेत दहा कोटींहून जास्त तबकड्या विकल्या गेल्या होत्या, 1932 मध्ये विक्री साठ लाखांच्या आसपास आली. कंपन्यांनी खेड्यापाड्यांत जाऊन गायक शोधणं थांबवलं आणि गोऱ्या डोंगरी लोकांसाठीची, काळ्या श्रोत्यांसाठीची, मेक्सिकन मजुरांसाठीची गाणी बाजारातून नाहीशी झाली. मग महायुद्ध आलं. या तबकड्या दगडाच्या बारीक भुकटीत लाख मिसळून केलेल्या असत, आणि ही लाख येई आपल्या छोटा नागपूरच्या जंगलांतून. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेच्या किड्यांनी केलेला थर आदिवासी खरवडून विकत. युद्धात जहाजांची वाट बंद झाली, लाख युद्धसामग्रीसाठी राखून ठेवली गेली आणि 1942 मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत मोठी कपात केली. नव्या तबकड्यांना माल मिळावा म्हणून जुन्या गोळा करून चुरा केला जाऊ लागला. किती गायकांचे एकुलते आवाज त्यात गेले, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. याच काळात काही तरुण भंगाराच्या दुकानांतून, मोडीच्या ढिगांतून मिळेल ते उचलत होते.

त्यांतला एक हॅरी स्मिथ. युद्धानंतर तो बर्कलीत राहत होता, पुढे न्यू यॉर्कला गेला आणि 1952 मध्ये मोझेस अ‍ॅश यांच्या फोकवेज कंपनीकडून त्याचा अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह निघाला. 84 गाणी, सहा लाँगप्ले, सगळी मंदीच्या आसपासच्या काही वर्षांत मूळ मुद्रित झालेली. त्याने एक मोठी गोष्ट केली. कोणता गायक काळा आणि कोणता गोरा, हे त्याने संग्रहात सांगितलंच नाही. कंपन्यांनी कातडीच्या रंगावरून वेगळे कॅटलॉग काढले होते, ते त्याने एकत्र मिसळले. विभक्त शाळा अजून कायदेशीर असलेल्या देशात हे राजकीय विधानच होतं, आणि ते एकही शब्द न बोलता केलेलं होतं.

आता लुइस हिल. 1919 मध्ये जन्मलेला, महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणारा, त्यामुळे सक्तीच्या कामाच्या छावणीत राहिलेला. गांधींच्या सत्याग्रहाचा या युद्धविरोधी तरुणांवर खोल परिणाम होता. छावणीतून सुटल्यावर हिलने वॉशिंग्टनच्या एका स्टेशनवर बातम्या वाचल्या आणि कंटाळून नोकरी सोडली. 1946 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिका फाउंडेशन स्थापन केलं. एएम पट्ट्यावर जागा मिळेना, म्हणून ते एफएमकडे वळले. तो पट्टा तेव्हा ओस होता. 1945 मध्ये सरकारने एफएमच्या लहरी वर सरकवल्यामुळे आधीचे संच निकामी झाले होते आणि नवे फारच थोड्यांकडे होते. 15 एप्रिल 1949 रोजी बर्कलीतून केपीएफए सुरू झालं, तेव्हा श्रोत्यांना आधी रेडिओसंच मिळवून देण्याचीच खटपट करावी लागली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पैसा संपला आणि स्टेशन बंद पडलं. नऊ महिने श्रोत्यांनी वर्गणी जमवली, 1951 मध्ये ते पुन्हा बोलू लागलं आणि त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनकडून दीड लाख डॉलरचं अनुदानही मिळालं.

हिलचा हिशेब साधा होता. जाहिरातदाराला सगळे श्रोते हवे असतात, त्यामुळे कुणालाच न दुखावणारं बोलणं त्याला लागतं. पण ऐकणाऱ्यांतल्या शंभरातल्या दोघांनी जरी वर्षाला दहा डॉलर दिले तरी स्टेशन चालतं. हे दोघे कुणीही असू शकतात. त्यांना अणुबॉम्बवरची चर्चा हवी असेल किंवा 1925च्या न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेट. वर्गणी ऐच्छिक होती, म्हणजे न देणाऱ्यालाही ऐकता येई. दिली तर ती विश्वासाची असे. जुनी तबकडी आणि अप्रिय मत एका छपराखाली आलं ते इथे, आणि कारण एकच. दोन्हींना बाजारात गिऱ्हाईक थोडं, पण जे आहे ते जीव लावणारं.

आणखी एक व्यावहारिक बाब. या स्टेशनकडे वाद्यवृंदाला द्यायला पैसे नव्हते. संग्राहक मात्र आपला खजिना घेऊन फुकट यायला तयार होता. फिल एलवूड 1952 पासून चार दशकांहून अधिक काळ केपीएफएवर जुन्या जॅझच्या तबकड्या लावत आणि त्यांच्याविषयी बोलत राहिले. त्याच स्टेशनवर कवी केनेथ रेक्सरॉथ पुस्तकांवर बोलत, पॉलीन केल चित्रपटांवर, अ‍ॅलन वॉट्स पौर्वात्य तत्त्वज्ञानावर. हिल मात्र हे फार काळ पाहू शकला नाही. अंतर्गत भांडणं, संधिवाताचा असह्य आजार, आणि 1 ऑगस्ट 1957 रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तो अडतीस वर्षांचा होता.

याच काळात अन्यत्र याच जातीची माणसं काळ्या यादीत टाकली जात होती. जून 1950 मध्ये ‘रेड चॅनेल्स’ ही पुस्तिका निघाली. तीत 151 कलावंतांची आणि पत्रकारांची नावं कम्युनिस्टांचे सहप्रवासी म्हणून छापली होती. लोकगायक पीट सीगर त्यात होता, ऑस्कर ब्रँडही. ब्रँडचा लोकगीतांचा कार्यक्रम डिसेंबर 1945 पासून न्यू यॉर्कच्या महापालिकेच्या डब्ल्यूएनवायसी स्टेशनवर चालू होता. तो मानधन घेत नव्हता, त्यामुळे त्याचं मानधन बंद करण्याची धमकी कुणाला देता येत नव्हती. बाकी दारं बंद झालेल्या गायकांना त्याने आपल्याकडे बोलावलं. हा कार्यक्रम 2016 मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं चालला. फुकट काम करणं याचा अर्थ इथे स्वातंत्र्य असा होता, आणि ही गोष्ट सामुदायिक रेडिओच्या रक्तात तेव्हापासून आहे.

शिकागोचा स्टड्स टर्केल हा याच घराण्याचा. 1940च्या दशकाच्या मध्यावर ‘वॅक्स म्युझियम’ नावाच्या कार्यक्रमात तो कारुसोची ऑपेरा, बेसी स्मिथचा ब्लूज आणि महालिया जॅक्सनची भजनं एकाच तासात लावायचा. टेलिव्हिजनवर त्याचं नाव होऊ लागलं होतं, पण काही निवेदनांवर केलेल्या सह्या मागे घ्यायला त्याने नकार दिला आणि काम गेलं. 1952 मध्ये डब्ल्यूएफएमटी या नव्या स्टेशनवर त्याला वुडी गथ्रीची तबकडी ऐकू आली. अशी गाणी लावणाऱ्या जागी आपल्यालाही जागा असेल, या विचाराने त्याने फोन केला. पुढची पंचेचाळीस वर्षं तो तिथे बोलत होता. डब्ल्यूएफएमटी जाहिराती घेणारं स्टेशन होतं, सामुदायिक नव्हे. पण केएफव्हीडीवरचा आवाज तबकडीतून शिकागोला पोचला आणि एका बेकार निवेदकाला पुन्हा उभं करून गेला. वंशावळ कागदावर असते त्याहून अशा ठिकाणी जास्त स्पष्ट दिसते.

न्यू यॉर्कचं डब्ल्यूबीएआय 1960 मध्ये लुई श्वाइट्झर या उद्योजकाने पॅसिफिकाला भेट म्हणून दिलं. दोनच वर्षांत तिथे एफबीआयच्या एका माजी एजंटची मुलाखत प्रसारित झाली. त्यात त्याने संस्थेच्या आतल्या वागण्यावर उघड टीका केली. मोठ्या वृत्तसंस्थांनी हात लावला नव्हता अशी ही गोष्ट. त्यानंतर सिनेटच्या समितीने पॅसिफिकाच्या लोकांना चौकशीला बोलावलं आणि परवान्यांचं नूतनीकरण अडकून राहिलं. 1964च्या जानेवारीत परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगाने ते मंजूर केलं. काही श्रोत्यांना न रुचणारे कार्यक्रम हा परवाना नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, अशी भूमिका त्याने घेतली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो ख्रिस स्ट्राखवित्झ. जर्मनीच्या सिलेशियात जन्मलेला, युद्धानंतर निर्वासित म्हणून 1947 मध्ये अमेरिकेत आलेला मुलगा. इंग्रजी त्याने बरीचशी रेडिओवरच्या गाण्यांतून आत्मसात केली. 1960 मध्ये त्याने आर्हूली ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि टेक्ससच्या शेतमजुरांचा ब्लूज, लुइझियानाचं झायडेको, मेक्सिकन सीमेवरची नॉर्तेन्यो गाणी स्वतः फिरून मुद्रित केली. केपीएफएवर तीसेक वर्षं तो आपल्या तबकड्या ऐकवत राहिला. 1965 मध्ये कंट्री जो मॅकडोनल्ड आणि त्याच्या साथीदारांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं आपलं गाणं स्ट्राखवित्झच्या बर्कलीतल्या घरात मुद्रित केलं. पैशांऐवजी स्ट्राखवित्झला गाण्याच्या प्रकाशनहक्कात वाटा मिळाला. 1969 मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लाखोंनी ते गाणं म्हटलं, त्या महोत्सवावर चित्रपट आला, तबकडी विकली गेली आणि त्या पैशांतून त्याने एल सेरिटो इथे इमारत घेतली. तिथे पुढे डाउन होम म्युझिक हे दुकान थाटलं. युद्धविरोधी गाण्याच्या कमाईवर जुन्या गाण्यांचं घर उभं राहिलं.

हे गाणंही जुन्यातूनच आलं होतं. त्याची चाल लुई आर्मस्ट्राँगच्या चमूने 1926 मध्ये मुद्रित केलेल्या ‘मस्क्रॅट रॅम्बल’ची आहे, असा दावा त्या रचनेचे जनक किड ओरी यांच्या मुलीने 2001 मध्ये कोर्टात केला. दावा फार उशिरा केला म्हणून फेटाळला गेला. चालींच्या साम्यावर कुणी काहीही म्हणो, निषेधाचं गाणं जुन्या तबकडीच्या मांडीवर वाढतं, हे संग्राहकांना आधीपासून माहीत होतं. स्ट्राखवित्झने जमवलेल्या मेक्सिकन तबकड्यांत कोरिदो भरलेले आहेत. रेंजर पोलिसांशी झालेल्या चकमकी, फाशी, स्थलांतर, संप. आपल्या पोवाड्यासारखंच ते गाऊन सांगितलेलं वर्तमान आहे. हा संग्रह आता लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या मदतीने डिजिटल झाला आहे. स्ट्राखवित्झ 2023 मध्ये गेला.

मोकळ्या मायक्रोफोनची किंमतही मोजावी लागली. ज्युलियस लेस्टर हा लोकगायक लेडबेलीच्या बारा तारांच्या गिटारचा जाणकार. त्यावर त्याने पीट सीगरबरोबर पुस्तक लिहिलं होतं. 1968 पासून तो डब्ल्यूबीएआयवर संगीत आणि काळ्यांच्या चळवळीचं भाष्य एकत्र करत होता. त्या डिसेंबरमध्ये शाळांच्या संपावरून काळे पालक आणि ज्यू शिक्षक यांच्यात तेढ असताना त्याच्या कार्यक्रमात एका पाहुण्याने ज्यूद्वेषी कविता वाचली. स्टेशनबाहेर निदर्शनं झाली. लेस्टरचं म्हणणं होतं की हा राग समाजात आहे आणि तो ऐकू यायला हवा. मला तेव्हाही आणि आताही हे पुरेसं वाटत नाही. ऐकवणं आणि ऐकवून पुढे काही न बोलणं यात फरक आहे. पण स्टेशनने त्याला काढलं नाही, हे मात्र योग्य केलं.

ह्यूस्टनला तर बॉम्बच फुटले. केपीएफटी 1 मार्च 1970 रोजी सुरू झालं. 12 मे रोजी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी त्याचा ट्रान्समीटर उडवला. तेव्हा हवेत वुडीचा मुलगा आर्लो गथ्रीची, लष्करभरतीवरची लांबलचक गायिलेली गोष्ट चालू होती. ऑक्टोबरमध्ये पुन्हा स्फोट झाला. 21 जानेवारी 1971 रोजी स्टेशन परतलं आणि आर्लो स्वतः येऊन तेच गाणं गायला.

या स्टेशनांचं पुढचं आयुष्य गटबाजीने भरलेलं आहे. 1999 मध्ये पॅसिफिकाच्या संचालकांनी केपीएफएच्या कर्मचाऱ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं. तेव्हा बर्कलीत सुमारे दहा हजार माणसं रस्त्यावर उतरली आणि स्टेशन परत मिळालं. एका रेडिओसाठी एवढी माणसं चालतात, यात हिलच्या हिशेबाची पावती आहे. दुसरीकडे न्यू जर्सीत डब्ल्यूएफएमयू हे एकेकाळचं कॉलेज स्टेशन कॉलेज बुडण्याआधी त्याच्या माणसांनी विकत घेतलं, आणि तिथे एका कार्यक्रमात विद्युत मुद्रणापूर्वीच्या तबकड्या आणि मेणाचे सिलिंडर त्यांच्या काळच्या चावीच्या यंत्रांवरच वाजवले गेले. इतक्या जुन्या आवाजांवर आता कुणाची मालकीही नाही: 2018च्या कायद्याने अमेरिकेतली 1923 पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं 1 जानेवारी 2022 पासून सर्वांची झाली.

ही जोडी आपल्याकडे कुठवर आली? भारतात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं आणि 2006 मध्ये सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांसाठी खुलं झालं. आज देशात पाचशेहून जास्त केंद्रं आहेत. म्हसवडला माणदेशी आहे, पुण्याला विद्यापीठाचं विद्यावाणी. पण त्या धोरणात बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय आशय यांना मनाई आहे. बातमी द्यायची तर आकाशवाणीची, तीही जशीच्या तशी. म्हणजे या जोडीतलं एक माणूस आपल्याकडे आत आलं आणि दुसरं दारातच राहिलं. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आली. तिच्यात बेळगाव आहे, कारवार आहे. महाराष्ट्रातलं एखादं सामुदायिक केंद्र ती वारसा म्हणून आज संध्याकाळी लावू शकतं. ती संपल्यावर निवेदकाने बेळगावच्या प्रश्नावर स्वतःचं मत सांगितलं, तर केंद्राचा परवाना धोक्यात येतो.